वाक्यापासून राशीपर्यंत

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त झालेल्या व्याख्यानाचा लिखित मजकूर)



सुवर्णमहोत्सवाच्या व्यासपीठावर साहित्य, संगीत, नाट्य असे प्रसन्न विषय शोभतात. तेथे मी बीजगणित घेऊन उभा राहिलो आहे, हे धाडसच म्हणायचे. परंतु या विषयाचा संबंध मंडळाच्या जुन्याच चिंतेशी आहे. महाराष्ट्रापासून इतक्या दूर वाढणाऱ्या मुलांना मराठीचा उपयोग काय, ही ती चिंता. या प्रश्नाला आपण बहुधा भावनेचे उत्तर देतो. आज मला व्यवहाराचे, आणि तेही गणिताच्या तासातले, उत्तर द्यायचे आहे.

अनेक घरांत एकच तक्रार ऐकू येते. समीकरण मांडून दिले तर मुलगा ते झटकन सोडवतो. तेच उदाहरण गोष्टीच्या रूपाने आले की पेन्सिल थांबते. शाळेतल्या भाषेत ही ‘शाब्दिक उदाहरणे’. आईवडील म्हणतात, “आमचे बीजगणित कधीच विसरले, शिकवणी लावलेली बरी.” माझे नम्र म्हणणे असे, की मुलगा जेथे अडतो तेथे बीजगणित अजून सुरूच झालेले नसते. तो अडतो वाक्यापाशी. वाक्याचा अर्थ लावण्यात घरातली भाषा मदत करते, आणि तेवढी मदत करण्यास गणिताची पदवी लागत नाही.

एक प्रसंग सांगतो. एस्प्लनेडच्या मेट्रो स्थानकावर आपल्याच परिवारातली एक माउली मुलासह गाडीची वाट पाहत उभी होती. मुलाच्या हातात गृहपाठाची वही. पुस्तकातले वाक्य होते, ‘फाइव्ह लेस दॅन थ्राइस अ नंबर’. मुलाने डावीकडून उजवीकडे शब्द जसे आले तसे लिहून टाकले : ५ − ३क्ष. बाई म्हणाल्या, “मला तुझे गणित काही येत नाही रे. पण हे मराठीत कसे सांगशील?” मुलगा थोडा थांबून म्हणाला, “एका संख्येच्या तिपटीपेक्षा पाचने कमी.” “मग आधी काय हातात घ्यायचे?” “तिप्पट.” “आणि त्यातून काय काढायचे?” मुलाने न बोलता खोडरबर काढले आणि लिहिले : ३क्ष − ५. तोवर गाडी आली. गणित येत नाही म्हणणाऱ्या त्या बाईंनी दोन प्रश्नांत गणिताचा उत्तम पाठ दिला होता. आजचे माझे व्याख्यान म्हणजे त्या दोन प्रश्नांवरचे भाष्य आहे.

प्रथम बैजिक राशी म्हणजे काय ते पाहू. त्यासाठी एस्प्लनेडवरच थोडे थांबू या. हा चौक गणिताला फार सोयीचा आहे. २७ मार्च १९०२ रोजी विजेवर चालणारी पहिली ट्राम येथूनच खिदिरपूरकडे निघाली. २४ ऑक्टोबर १९८४ रोजी भारतातील पहिली भुयारी मेट्रो धावली तीही येथूनच. त्या दिवशी मार्गावर पाचच स्थानके होती : एस्प्लनेड, पार्क स्ट्रीट, मैदान, रवींद्र सदन आणि भवानीपूर, ज्याला आज नेताजी भवन म्हणतात. स्थानके पाच, मग त्यांच्यामधले टप्पे किती? घाईत पुष्कळजण पाच म्हणतात. बोटावर मोजले की चार निघतात. मार्ग वाढून स्थानके सहा झाली तर टप्पे पाच, दहा झाली तर नऊ. दर वेळी मोजत बसण्याऐवजी आपण म्हणतो : स्थानके ‘न’ असतील तर टप्पे ‘न − १’. हीच बैजिक राशी. पुढे ‘न’च्या जागी कोणतीही संख्या घाला, वाक्य खरेच राहते. एका स्थानकावरून चढून दुसऱ्या कोणत्याही स्थानकावर उतरायचे असे प्रवास किती प्रकारचे? चढण्याची जागा निवडण्याचे मार्ग ‘न’, उतरण्याची जागा निवडण्याचे ‘न − १’. म्हणून न × (न − १). पाच स्थानकांना वीस. अक्षर आले म्हणून गणित अवघड झाले नाही. उलट अनेक उदाहरणांचे एकच उदाहरण झाले.

आता आपल्या भाषेकडे वळू. अक्षरे येण्यापूर्वीच मराठी माणूस राशी बोलत असतो, हे सहसा आपल्या ध्यानात येत नाही. ‘एकोणतीस’ म्हणजे एकाने ऊन असे तीस, ३० − १. ‘साडेसात’ म्हणजे सातात अर्धा मिळवा. ‘सव्वासात’ म्हणजे पाव मिळवा. ‘पावणेसात’ म्हणजे सातातून पाव काढा. संख्येला ‘न’ म्हटले की साडे, सव्वा आणि पावणे या तीन शब्दांच्या तीन राशी झाल्या : न + १/२, न + १/४, न − १/४. त्यातली एक गंमत मुलांना अवश्य सांगावी. ‘सव्वासात’मध्ये सव्वा हा शब्द पाव मिळवायला सांगतो, पण ‘सव्वाशे’ म्हणजे शंभर आणि पाव नव्हे, तर शंभराची सव्वापट, एकशेपंचवीस. शब्द तोच, पण एके ठिकाणी बेरीज आणि दुसऱ्या ठिकाणी गुणाकार. शब्द ऐकून चिन्ह लिहू नये, अर्थ समजून लिहावे, हा शाब्दिक उदाहरणांचा पहिला नियम येथे आपोआप शिकवला जातो.

आपल्या आजोबांच्या पिढीने शाळेत पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी असे अपूर्णांकांचे पाढे म्हटले. ते पाठांतर आता मागे पडले, आणि सगळेच परत आणावे असे मी म्हणणार नाही. पण ‘दीडपट’ म्हणताच ३/२ डोळ्यांपुढे उभे राहण्याची सवय त्या पाढ्यांनी लावली होती. शेजारच्या बंगाली घरातही देड, आडाई, साडे, पौने असे हेच शब्द नांदतात. तेथे एकोणीसला ‘उनिश’ म्हणतात, त्यातही ‘ऊन’ आहेच. आपण ‘क्ष मानू’ म्हणतो, बंगाली विद्यार्थी ‘धरि’ म्हणतो, आणि दोघेही तीच न दिसणारी संख्या हातात धरतात. मुलाला मराठी थोडी आणि बंगाली पुष्कळ येत असेल तर बंगालीचीही मदत घ्यावी. मुद्दा इतकाच, की विचार ओळखीच्या भाषेतून व्हावा.

मराठीची वाक्यरचना येथे विशेष उपयोगी पडते. इंग्रजी वाक्य ‘पाच कमी’ आधी सांगते आणि ‘कशापेक्षा’ ते मागून. मराठी वाक्य आधी मूळ राशी पुढे ठेवते आणि मग तिचे काय करायचे ते सांगते. लिहिण्याचा क्रमही तोच असतो. ‘क्षच्या दुपटीत सात मिळवून’ : २क्ष + ७. ‘क्षमधून चार वजा करून आलेल्या संख्येची निमपट’ : (क्ष − ४)/२. मी मराठीची थोरवी गात नाही. इंग्रजीत शिकणाऱ्या मुलाजवळ आणखी एक वाट आहे, ती त्याला दाखवावी एवढेच सुचवतो.

याच वाटेवर तीन लहान शब्द जपायला हवेत.

पहिला शब्द ‘ने’. ‘क्षपेक्षा पाचने जास्त’ ही राशी आहे, क्ष + ५. ‘क्ष पाचपेक्षा जास्त आहे’ ही राशी नव्हे; ती तुलना आहे आणि तिचे चिन्ह वेगळे, क्ष > ५. एका ‘ने’ प्रत्ययावर किती अवलंबून आहे पाहा. पाचने जास्त म्हणजे किती जास्त ते कळले. पाचपेक्षा जास्त म्हणजे किती ते कळलेले नाही.

दुसरा शब्द ‘यांची’. ‘क्ष आणि चार यांच्या बेरजेची तिप्पट’ म्हणजे ३(क्ष + ४). ‘क्षची तिप्पट आणि चार यांची बेरीज’ म्हणजे ३क्ष + ४. क्षच्या जागी दहा घाला : पहिली राशी बेचाळीस देते, दुसरी चौतीस. कंस कोठे बंद करायचा हे मुलांना कळत नाही अशी शिक्षकांची तक्रार असते. मराठीत ‘यांची’ किंवा ‘यांच्या’ आला की तेथवरचे सारे एका गाठोड्यात बांधायचे. कंस म्हणजे तीच गाठ.

तिसरा शब्द ‘आहे’. व्याकरणात पदसमूह आणि वाक्य असा भेद आपण शिकलो. ‘तिपटीपेक्षा पाचने कमी’ हा पदसमूह. त्याला क्रियापद नाही, म्हणून त्यातून राशी होते आणि ती ‘सोडवता’ येत नाही. ‘तिपटीपेक्षा पाचने कमी केले असता उत्तर सोळा आहे’ हे वाक्य; त्यातून समीकरण होते, ३क्ष − ५ = १६, आणि ते सोडवले की क्ष सात येतो. राशीपुढे उगाच ‘= ०’ लिहून ती सोडवू पाहणाऱ्या मुलाला विचारावे, “तुझ्या वाक्यात क्रियापद कोठे आहे?”

आता एक चूक सांगतो, जिच्यात हुशार मुलेही सापडतात. एका विद्यापीठात विद्यार्थ्यांची संख्या प्राध्यापकांच्या संख्येच्या सहापट आहे. विद्यार्थी ‘व’ आणि प्राध्यापक ‘प’ मानून हे लिहा. पुष्कळजण लिहितात ६व = प. अमेरिकेत हे उदाहरण अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना घातले असता एक-तृतीयांशाहून अधिक जण चुकले, आणि चुकलेल्यांपैकी बहुतेकांनी असेच उलटे लिहिले. हा अभ्यास १९८० च्या सुमारास प्रसिद्ध झाला आणि गणित शिकवणाऱ्यांत त्याची फार चर्चा झाली. असे का होते? ‘एका प्राध्यापकामागे सहा विद्यार्थी’ असे चित्र डोळ्यांसमोर येते, आणि हात सहाचा आकडा विद्यार्थ्यांशेजारी लिहून मोकळा होतो. मूळ गैरसमज असा, की ‘व’ म्हणजे विद्यार्थी. ‘व’ म्हणजे विद्यार्थी नव्हे. ‘व’ म्हणजे विद्यार्थ्यांची संख्या. ती मोठी आहे. लहान संख्येला सहाने गुणले तरच ती मोठ्या संख्येइतकी होईल. म्हणून व = ६प.

धर्मतल्यावरच्या मिठाईच्या दुकानातही हीच चूक होते. ‘र’ म्हणजे रसगुल्ला, असे लिहिणाऱ्या मुलाला विचारावे, “रसगुल्ल्यांची संख्या, की एका रसगुल्ल्याची किंमत?” एका रसगुल्ल्याची किंमत र रुपये आणि मातीच्या मडक्याचे वीस रुपये, असे समजू. मग बारा रसगुल्ल्यांची खरेदी १२र + २० रुपये. पण र ही संख्या मानली आणि एकाची किंमत पंधरा रुपये धरली, तर तीच खरेदी १५र + २० होईल. अक्षर एकच, अर्थ दोन. म्हणून ‘र मानू’ एवढे अपुरे. ‘एका रसगुल्ल्याची रुपयांतील किंमत र मानू’ असे पूर्ण वाक्य वहीत लिहिले पाहिजे. त्या एका ओळीचा कंटाळा पुढे पानभर खाडाखोड करायला लावतो.

अज्ञात संख्येला नाव देण्याची ही युक्ती आली कोठून? आपण ‘क्ष’ लिहितो तो इंग्रजी एक्सच्या अनुकरणाने, आणि युरोपात ती पद्धत फ्रेंच तत्त्वज्ञ देकार्त याच्या १६३७ च्या भूमितीच्या ग्रंथापासून रुळली. परंतु त्याच्या कितीतरी आधी आपल्याकडे अज्ञाताला नाव होते, आणि ते नाव ऐकून आजही मराठी माणसाला नवल वाटावे. ते नाव ‘यावत्तावत्’, म्हणजे ‘जितके-तितके’. ‘जितकी पाने तितकी फुले’ असे आपण बोलतो, तेव्हा किती ते ठाऊक नसतानाही त्याविषयी नेमके विधान करतो. बीजगणिताचे सारे मर्म त्या जोडशब्दात आहे.

भास्कराचार्यांचा जन्म शके १०३६, म्हणजे इसवी सन १११४ चा. सह्याद्रीच्या आश्रयाच्या विज्जडविड या गावचे आपण, असे ते स्वतः सांगतात. त्या गावाच्या जागेविषयी विद्वानांत मतभेद आहेत. परंतु त्यांच्या घराण्याचा एक भक्कम पुरावा खानदेशात, चाळीसगावजवळच्या पाटण येथे आहे. तेथल्या शिलालेखात त्यांचा नातू चांगदेव याने भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापल्याची नोंद आहे. तो लेख शके ११२८ च्या सुमाराचा असून त्याचा काही भाग मराठीत आहे. एकोणिसाव्या शतकात डॉ. भाऊ दाजी लाड यांनी तो विद्वानांपुढे आणला. आजोबांचे गणित नातवंडांच्या पिढीने चालू राहावे म्हणून उभारलेली ती संस्था होती. पन्नाशी गाठलेल्या मंडळाला याचे अगत्य वाटावे.

भास्कराचार्य पहिल्या अज्ञाताला ‘या’ लिहीत. आणखी अज्ञाते आली तर रंगांची नावे घेत : कालकाचा ‘का’, नीलकाचा ‘नी’, पीतकाचा ‘पी’. ज्ञात संख्येपुढे ‘रू’, म्हणजे रूप; ऋण संख्येच्या डोक्यावर एक टिंब. त्यांच्या ‘बीजगणित’ ग्रंथातले एक उदाहरण माझ्या शब्दांत सांगतो. एकाजवळ तीनशे नाणी आणि सहा घोडे आहेत. दुसऱ्याजवळ त्याच किमतीचे दहा घोडे आहेत, पण त्याला शंभराचे देणे आहे. दोघांची संपत्ती सारखी; तर एका घोड्याची किंमत किती? घोड्याची किंमत ‘या’. पहिल्याची संपत्ती : या ६, रू ३००. दुसऱ्याची : या १०, रू १००, या शंभरावर ऋणाचे टिंब. आपल्या लिपीत ६क्ष + ३०० आणि १०क्ष − १००. दोन राशी तयार झाल्या. मग ‘सारखी’ या शब्दाने त्यांच्यामध्ये बरोबरचे चिन्ह बसले. चार घोडे बरोबर चारशे. एका घोड्याची किंमत शंभर. देणे ऋण चिन्हाने लिहायचे, हे भाषेतून गणितात नेण्याचे कसब साडेआठशे वर्षांपूर्वीच्या या उदाहरणात पूर्ण दिसते.

हे गणित इंग्रजी वाचकांपर्यंत कसे पोहोचले, याचा एक धागा आपल्या या शहरातून जातो. एस्प्लनेडनंतरचे मेट्रो स्थानक पार्क स्ट्रीट. त्या रस्त्यावरच्या एशियाटिक सोसायटीची स्थापना १७८४ साली झाली. तिचे एक अध्यक्ष हेन्री टॉमस कोलब्रुक. कंपनी सरकारच्या नोकरीत त्यांची अनेक वर्षे या देशात गेली. तेव्हाच्या कलकत्त्यात ते न्यायाधीश होते. ब्रह्मगुप्ताचे गणितविषयक अध्याय आणि भास्कराचार्यांचे ‘लीलावती’ व ‘बीजगणित’ यांचा त्यांनी संस्कृतातून केलेला इंग्रजी अनुवाद १८१७ साली लंडनला प्रसिद्ध झाला, आणि घोड्यांचे ते उदाहरण युरोपातील विद्वानांना संस्कृतातून थेट वाचता आले. आपण दूरदेशी आलो असे वाटते, तेथे आपला एक पूर्वज आधीच येऊन गेलेला असतो.

शेवटी घरी काय करावे ते थोडक्यात सांगतो. मुलाला उदाहरण आधी वाचू द्यावे आणि पुस्तक मिटून ती गोष्ट मराठीत सांगायला लावावी. गोष्ट सांगता आली नाही तर उदाहरण कळलेले नाही. पेन्सिल उचलू देऊ नये. नंतर काय माहीत नाही ते पूर्ण वाक्यात लिहून घ्यावे, कशाची संख्या, कोणत्या मापात, रुपये की पैसे, मिनिटे की तास. मग क्षच्या जागी दहा कल्पून कृती करवावी : दहाची तिप्पट तीस, त्यातून पाच गेले, पंचवीस. तीच कृती आता दहा पुसून क्ष घालून लिहावी. आणि राशी तयार झाली की ती उलट मराठीत वाचून घ्यावी. वाचलेले वाक्य मूळ गोष्टीशी जुळले तर राशी बरोबर. ही शेवटची पायरी मुले हमखास गाळतात, आणि नेमकी तीच आईवडिलांना ऐकता येते.

यात कोठेही समीकरण सोडवून दाखवावे लागत नाही. ‘काय माहीत नाही? कशातून काय काढायचे? मराठीत वाचून दाखव,’ एवढे तीन प्रश्न विचारणारे माणूस घरात असले की पुरे. आजी असली तर फारच उत्तम. तिच्याजवळ पावकी आणि दिडकीही असतील.

एस्प्लनेड आज पुष्कळ पालटले आहे. मार्च २०२४ पासून तेथून निघालेली मेट्रो हुगळी नदीच्या तळाखालून हावड्याला जाते. नदीखालचा सुमारे ५२० मीटरचा पट्टा ती पाऊण मिनिटात ओलांडते. पुढच्या खेपेला मुलांना घेऊन त्या गाडीत बसाल तेव्हा विचारून पाहा : गाडी दर सेकंदाला व मीटर जात असेल, तर नदी ओलांडायला किती सेकंद लागतील? ५२० भागिले व की व भागिले ५२०? मुलगा गोंधळला तर उत्तर सांगू नका. “वेग वाढला तर वेळ वाढेल की कमी होईल?” एवढेच, आपल्या मराठीत, विचारा. पैलतीर येण्याच्या आत त्याचे उत्तर तयार असेल.